विहिरीकडे पाठ

माझ्या लेकीच्या घराचं दार उघडलं की समोर विहीर दिसते आणि विहिरीच्या पलीकडे सगळ्यांचे संडास. चेष्टा नाही करत मी. सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसावं, तर समोर अर्धगोलात पाठमोरी उभी असलेली घरं, प्रत्येक घराच्या पाठीला चिकटलेलं एक लाकडी खोपटं, खोपट्याखाली खड्डा, आणि हातात राखेचं डबडं घेऊन कुणी ना कुणी आत जातंय नाहीतर बाहेर येतंय. बाहेर येणारा मला बघून हात हलवतो. तोच हात. मी तिथे होते तोवर कुणाच्या हातात हात दिला नाही.

या जागेला ती माणसं 'सहवास' म्हणतात. नोकऱ्या सोडून, शहर सोडून, एका विचारानं एकत्र राहायला आलेली शिकलीसवरलेली माणसं. खाली उतारावर शेत आहे, सुतारकामाची शेड आहे, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आहे, आणि वर विहिरीभोवती राहायची घरं. घर कुणाच्या मालकीचं नाही, दाराला कडी नाही, मोठा-लहान कुणी नाही. मी कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून आयुष्य काढलं. थान उलगडायच्या आधीच मला कळायचं, हे गिऱ्हाईक घेणार की नुसतं चिवडून जाणार. त्यामुळे 'इथे मोठा-लहान कुणी नाही' असं ज्या गृहस्थानं मला सांगितलं, त्याला बाकी सगळे 'दादा' म्हणतात, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

लेक आणि जावई तिथे गेले तेव्हा विहिरीजवळ दोनच घरं होती. एक दादांचं, एक यांचं. मातीच्या भिंती, समोरासमोर दारं, मध्ये विहीर. संडास दोघांत मिळून एक, तोही पार खाली शेताच्या कडेला. त्या पहिल्या खेपेला मला तिथे बरं वाटलं होतं, हे नाकारत नाही. पाणी गार आणि गोड होतं. लेक उन्हानं काळवंडली होती, पण हसत होती. जावईबापू आधी जाहिराती लिहायचे, आता मधमाश्या पाळायला लागले होते. बडबड तीच, फक्त माल बदलला होता.

पुढच्या खेपेला गेले तर तिसरं घर उभं राहिलेलं. ते सुताराचं. सुतार म्हणजे आधीचा कॉम्प्युटरवाला, त्यानं केलेलं एक स्टूल माझ्याखाली मोडलेलं आहे. त्याला संध्याकाळी डोंगर बघत बसायला आवडतं, म्हणून त्यानं दार काढलं डोंगराच्या बाजूला. म्हणजे पाठ आली विहिरीकडे. मग त्याच्या बायकोला अंधारात, पावसात शेताच्या कडेपर्यंत जायचा कंटाळा यायला लागला. मंडळ बसलं. प्रत्येक घराला आपापला कोरडा संडास असावा असं ठरलं. आता घराच्या पुढे कुणी संडास बांधतं का? मागेच बांधतात. आणि मागे होती विहीर. तिच्याशेजारी घाण करायची असं कुणा एकानं ठरवलं असतं, तर त्याची गचांडी तरी धरता आली असती. पण तसं कुणीच ठरवलं नव्हतं.

नंतर कुंभारीण आली. ती आधी दातांची डॉक्टर होती. तिलाही डोंगर हवा होता. मग एक नवरा-बायको आले, त्यांना सूर्योदय हवा होता. दर खेपेला जावं तर एखादं घर वाढलेलं, आधीच्या घराला पडवी फुटलेली, पडवीला भिंत आलेली, भिंतीला खिडकी, आणि हे सगळं बाहेरच्या अंगाला. बाहेर फुलझाडं, झोपाळे, बसायला दगड. कुंपण घालायचं नाही असा नियम, म्हणून काटेरी रोपं लावायची. रोपं म्हणजे कुंपण नव्हे. आतल्या अंगाला मात्र प्रत्येकाचं खोपटं, राखेचा ढीग, भांडी घासल्याचं पाणी, आणि मधोमध विहीर. पाणी मात्र सगळ्यांना तिचंच हवं. विहिरीपासून लांब घर बांधायला एकही जण तयार नव्हता.

आणि एका वर्षी गेले, तर दादांचं दार जागेवर नव्हतं. होतं तिथे भिंत झाली होती. दार गेलं होतं पलीकडे, डोंगराकडे. 'उजेडासाठी फिरवलं,' ते म्हणाले. जुन्या दाराच्या जागी आता त्यांचंही खोपटं.

आता विहिरीकडे तोंड करून बसलेलं घर एकच राहिलं, माझ्या लेकीचं. मी तिला म्हटलं, "तूही फिरवून घे बाई दार."

"आई, मूळ कल्पना काय होती? सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे असावीत. कुणीतरी ती जपायला नको का?"

"एकमेकांकडे कुठली? तुझं तोंड त्यांच्या ढुंगणांकडे आहे."

तेव्हा ती खो खो हसली होती. तेव्हा अजून हसायची ती माझ्या बोलण्यावर.

मग नात झाली. गोल गरगरीत पोर, मी तिला भोपळी म्हणायला लागले. बारशाचं नाव काहीतरी कवितेतलं ठेवलंय, ते माझ्या जिभेवर बसत नाही. बाळंतीण एकटी, जावई मधाच्या पेट्यांत, म्हणून मी सामान घेऊन राहायलाच गेले. दुकानातून मी निवृत्त झाले होते, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. या पोरीचं सगळं नीट व्हावं, एवढंच आता माझ्या डोक्यात होतं.

पाहुणी म्हणून दोन दिवस राहणं वेगळं आणि तिथे मुक्काम ठोकणं वेगळं. आधी वास फक्त सकाळी यायचा. ओली राख, आंबलेलं काहीतरी आणि त्यात एक गोडसरपणा. तो गोडसरपणा फार वाईट. मग दुपारी यायला लागला. मग माझ्या उशीला, भोपळीच्या दुपट्यांना. दुपटी त्याच पाण्यात खळबळायची आणि वाळली तरी नाकाशी धरवत नव्हती. विहिरीचा दोर हाताला बुळबुळीत लागायचा. बादली घटकाभर ठेवली की पाण्यावर एक पातळ साय यायची, बोटानं ओढली तर तार निघेल अशी. मला शिसारी यायची. जेवताना घास तोंडात फिरायचा.

कुणाला म्हणावं की वास येतोय, तर म्हणायचे, 'हा जमिनीचा वास आहे.' जावईबापूंनी तर मला ओट्यावर बसवून समजावलं. "आई, घाण असं काही नसतंच मुळात. ते फक्त चुकीच्या जागी पडलेलं खत असतं."

"मग योग्य जागी टाका ना, जावईबापू. अडवलंय कुणी?"

त्यावर ते नुसते हसले. तिथे कुणी चिडत नाही. चिडायचं नाही असं ठरलेलं आहे. समोरच्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली तरी ही माणसं मान तिरकी करून हसतात, आणि त्या हसण्याची मला संडासाइतकीच किळस येते.

भोपळीला वरचं पाणी द्यायची वेळ आली तशी मी माझ्या चहाच्या किटलीत पाणी उकळायला लागले. लेक म्हणाली, "उकळलेलं पाणी मेलेलं असतं, आई."

"मेलेलंच बरं. जिवंत असलेलं काय काय आहे त्यात, ते दिसतंय मला."

"इथलं पाणी आपण उकळायचं म्हणजे इथल्या माणसांवर अविश्वास दाखवायचा. मला नाही ते जमणार."

मग मी ती शेतावर गेली की उकळायची. गार करून बाटलीत भरून पोरीला चमच्यानं पाजायची. एक दिवस ती लवकर परतली आणि किटली शेगडीवर बघितली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, आपलीच पोरगी आहे असं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुझी शंका आहे ना, मग ती मंडळात मांड. चोरून नको."

मंडळ म्हणजे आठवड्यातून एकदा संध्याकाळी सगळे स्वयंपाकघराच्या अंगणात गोल करून बसतात ते. त्याचे नियम मला एव्हाना पाठ झाले होते. कुणी काही मांडलं आणि बाकीचे गप्प राहिले, तर गप्प म्हणजे होकार. सगळ्यांचा होकार झाला की दादा म्हणणार, 'मग सर्वानुमते.' आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत, आवाजानं म्हणे शांतता तुटते, म्हणून सगळ्यांनी दोन्ही हात वर करून नुसते पंजे हलवायचे. आणि कुणाला कसली शंका असेल तर तिला 'साथ' द्यायची. म्हणजे ज्या गोष्टीची शंका, ती गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. शंका घेणारा एकटा पडू नये म्हणून. साथ दिली की शंका विरघळली. मग वर्षभर तो विषय पुन्हा काढायचा नाही.

मी मांडलं. विहिरीच्या पाण्याला घाणेरडा वास येतो, तुमचे खड्डे तिच्या उरावर बसलेत, ते हलवा, आणि तोवर निदान पोरीला हे पाणी देऊ नका. एवढंच बोलले. पदरचं काही घातलं नाही.

दादांनी डोळे मिटले. मग उघडले. "आजींनी फार मोलाची भीती आपल्यापुढे ठेवली आहे," ते म्हणाले. "आपण तिला साथ देऊ या."

सुतारानं बादली भरून आणली. पेले वाटले गेले, कुंभारणीनं केलेले, ओठाला खरखरीत लागणारे. सगळ्यांनी एकदम तोंडाला लावले आणि घटाघट रिकामे केले. सुताराच्या बायकोनं शेवटच्या घोटाला डोळे घट्ट मिटले, ते मी बघितलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्याची शंका त्यानं शेवटी प्यायचं. प्यायले मी. गिळलं. घशातून खाली जाईपर्यंत मला त्या पाण्याची जाडी जाणवत होती.

आणि तेवढ्यात माझ्या लेकीनं आपल्या पेल्यात चमचा बुडवला आणि भोपळीच्या तोंडाला लावला. पोरीनं आधी तोंड वाकडं केलं, मग चोखायला लागली. दादा म्हणाले, "मग सर्वानुमते." सगळ्यांचे पंजे हवेत हलायला लागले. लेकीचे डोळे भरून आले होते अभिमानानं. मला वाटलं तो पेला उचलून कुणाच्या तरी टाळक्यात घालावा.

दुसऱ्या दिवशी माझी किटली सगळ्यांच्या स्वयंपाकघरात जमा झाली. आणि आता मी त्यांच्यातली झाले म्हणून माझं नाव झाडण्याच्या पाळीत आलं. ही तिथली आणखी एक रीत. आपलं घर आपण झाडायचं नाही. या आठवड्यात तुझं मी झाडायचं, माझं त्यानं, पुढच्या आठवड्यात फिरून. त्यानं म्हणे मीपणा जातो. माझ्या वाट्याला पहिलंच घर आलं दादांचं.

दादा शेतावर गेले होते. घर नीटनेटकं, खिडकीतून डोंगर दिसतोय, फुलांचा वास. इकडच्या अंगाला एकही खिडकी नाही, त्यामुळे इथे त्या वासाचा मागमूस नव्हता. मी झाडत झाडत पलंगापाशी आले, खाली झाडू घातला, तर झाडू कशाला तरी अडला. वाकून बघितलं. गावातून विकत आणतात तसले पाण्याचे मोठे निळे बाटले, शेजारी शेजारी लावलेले. एक अर्धा संपलेला. त्यावर पालथा घातलेला पेला. काचेचा, मातीचा नव्हे.

मी तशीच खाली बसले. हसू येत होतं. मग उठून शेजारी सुताराच्या घरात गेले, कडी तर कुठेच नसते. त्यांच्याकडे पलंग नाही, तर सरपणाच्या पेटीत होते. कुंभारणीकडे भट्टीमागे, पोत्याखाली. पुढे बघायची मला गरज वाटली नाही.

आणि मग डोक्यात आलं की हे लपवलेलं कुठे आहे? दर आठवड्याला प्रत्येकाचं घर दुसरंच कुणीतरी झाडतं. म्हणजे सुतारानं दादांचे बाटले बघितलेत, कुंभारणीनं सुताराचे, दादांनी कुंभारणीचे. सगळ्यांना सगळं माहीत. अळीमिळी गुपचिळी. आणि माझ्यासमोर पेले तोंडाला लावून घटाघट प्यायले ते. महिन्याकाठी एक पेला पिऊन माणूस मरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या चमच्यापुढे मात्र एकानंही हात आडवा घातला नव्हता.

लेकीला हे सांगायला मी झाडू टाकून निघाले. विहिरीला वळसा घालून घरापर्यंत पोचले, तर ती दारातच पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. भोपळीची मान कलंडलेली, डोळे खोल गेलेले, दुपटं पाण्यासारख्या शीनं भिजलेलं. सकाळपासून होतंय म्हणाली. ती तिला कसलासा पाला उकळून देत होती. पाला उकळलेला चालतो.

मी पोर उचलली, दुपट्यात गुंडाळली आणि उतारावरून खाली चालायला लागले. लेक मागून आली. जावई पेट्यांकडून धावत आले, त्यांनी सगळ्यांची मिळून असलेली गाडी काढली. गावातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत भोपळी रडायचीसुद्धा थांबली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग धावपळ झाली. एवढ्याशा हाताला शीर सापडेना. सुई लागली तेव्हा पोर एकदाची केकाटली आणि मी भिंतीला टेकले. सलाईन सुरू झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं देता हिला?"

"आमच्या विहिरीचं," लेक म्हणाली. "सगळे तेच पितात."

"आणि बाकी कुणाला काही त्रास नाही?"

"कुणालाच नाही." हे ती अजूनही अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर केला असता तर हातात काही राहिलं नसतं. आणि पुन्हा ते पाणी पोरीच्या तोंडाला लावाल तर माझ्याकडे येऊ नका.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. जावईबापूंचा चेहरा उतरला होता. बसल्या बसल्या त्यांनी आपली पिशवी उघडली, आतून एक बाटली काढली, झाकण फिरवलं आणि दोन घोट प्यायले. सवयीनं. शिक्का मारलेली, दुकानातली बाटली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी काय करावं? बाटली माझ्यापुढे धरली. "घेता का आई?"

तसल्या बाटल्या ते मधाच्या शेडमध्ये ठेवायचे, हे मला नंतर कळलं. आत्ता एवढंच दिसत होतं की बापाकडे पाणी होतं आणि पोरीकडे नव्हतं. मला त्या माणसाच्या शेजारी बसवेना. मी लेकीला घेऊन पायऱ्यांवर गेले आणि तिला बाटल्यांचं सगळं सांगितलं. दादांचा पलंग, सरपणाची पेटी, भट्टीमागचं पोतं. मला वाटलं, आता ती रडेल. निदान शिव्या देईल.

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आई, मी दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं घर झाडते."

 "आणि तरी तू पोरीला ते पाजलंस?" मी विचारलं.

"ते अजून तयार नाहीत," ती म्हणाली. किती शांतपणे म्हणाली. "माणसं कच्ची असतात, वेळ लागतो. आपण तरी खरं राहायला हवं ना कुणीतरी. आमचंच दार राहिलंय त्या बाजूला."

त्या सगळ्यांची किळस मला कितीतरी दिवस येत होती. पण ती परक्या माणसांची किळस होती, थुंकून टाकता येते तशी. ही माझ्या पोटची पोर. हिला मी लहानपणी आजारात पाणी गाळून, गार करून, फुंकर घालून पाजलेलं. तिच्याकडे बघताना माझ्या अंगावर जो काटा आला, तो कुठे ठेवावा हे मला अजून कळलेलं नाही. मी तिच्या मांडीवरचा माझा हात काढून घेतला.

भोपळी वाचली. दुपट्यात उचलली तर लागतच नव्हती हाताला, भोपळी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. घरी सोडलं तेव्हा आम्ही परत तिथेच गेलो, कारण गाडी त्यांची होती आणि माझं सामान तिथे होतं. मी बॅग भरली. माझ्या कपड्यांच्या खाली भोपळीचे कपडे घातले. संध्याकाळी मंडळ होतं.

दादांनी आधी पोरीच्या तब्येतीबद्दल सगळ्यांना दीर्घ श्वास घ्यायला लावला. मग म्हणाले, हे का झालं यावर आपण मिळून विचार करू. पाण्याचा प्रश्नच येत नव्हता, त्याला साथ देऊन झाली होती, वर्षभर तो विषय बंद. कुंभारीण म्हणाली की आजींनी बाहेरून आणलेली बिस्किटं पोरीनं चोखलेली तिनं पाहिली आहेत. सुतार म्हणाला, पॅकेटातल्या वस्तूंचा लहान जिवाला झटका बसतो. पॅकेटातल्या. सरपणाच्या पेटीवर बसून रोज ढोसतो तो मेला, आणि माझ्या बिस्किटांना नावं ठेवतो. दादांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. जावईबापू नखं बघत होते. लेक समोर बघत होती. कुणी बोललं नाही. "मग सर्वानुमते," दादा म्हणाले. भोपळीला बिस्किटांनी झालं असं ठरलं. पंजे हलले.

मी भोपळीला कडेवर घेऊन उभी राहिले. "माझंही एक मांडायचं आहे," म्हटलं. "मी नातीला माझ्या घरी घेऊन चालले आहे. राहायला. कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं."

दादा तेच तिरक्या मानेचं हसू हसले. "आजी, आपण जरा शांतपणे याच्याकडे..."

"दादा," मी म्हटलं, "तुमचं घर गेल्या आठवड्यात मीच झाडलंय."

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण पुढचं वाक्य आलं नाही. मी सुताराकडे बघितलं. तो चपलेचा पट्टा नीट करायला लागला. कुंभारणीला खोकला आला. बाकीच्यांनी माझी नजर आपल्यापर्यंत यायच्या आत माना खाली घातल्या. जावईबापूंकडे मी बघितलंसुद्धा नाही.

मग राहिली लेक. तिच्या घरात एकही बाटला नव्हता. त्या सगळ्या गोलात माझ्या तोंडावर बोलायचा अधिकार असलेली ती एकटीच. 'नको नेऊस' एवढं म्हणाली असती, तर मी बसले असते. तिथेच राहिले असते, चोरून किटल्या आणल्या असत्या, रोज भांडले असते. 'थांब, मीही येते' म्हणाली असती तर तिची बॅगही मी भरली असती. दोन्हींतलं काहीही मला चाललं असतं. मी वाट बघितली. तिथल्या शांततेत वाट बघायला भरपूर वेळ मिळतो.

ती उठली. माझ्यापर्यंत आली. भोपळीच्या डोक्यावरची टोपी सरळ केली, हनुवटीखाली नाड्यांची गाठ मारली, एक मोजा घसरला होता तो वर ओढला. तिची बोटं माझ्या हाताला लागली, गार होती. मग ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली आणि गप्प राहिली.

दादांनी डोळे मिटले, उघडले. "मग सर्वानुमते," ते म्हणाले.

एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले आणि पंजे हलायला लागले. शेवटी माझ्या लेकीनंही दोन्ही हात वर केले. भोपळीला वाटलं, आई टाटा करतेय. तिनंही आपला हात बाहेर काढून हलवला.